ट्रॉलीची पिन दर पंधरा दिवसांनी का बदलावी लागते?

उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा हा आवाज आहे. भरलेली ट्रॉली पाणंदीतून डांबरीला लागली, गिअर बदलला, क्लच सोडला, की मागून खाडकन वाजतं आणि पाठीत धक्का बसतो. पुढच्या आठवड्यात धक्का वाढतो. मग एक दिवस कारखान्याच्या यार्डात ट्रॉली सोडायला जावं तर पिन निघतच नाही. ट्रॉलीच्या दांडीची कडी हुकाच्या दोन पाट्यांमध्ये घालून भोकांतून आरपार घालतो ती ही पिन. मधोमध झिजून तिला कंबर पडलेली असते, नाहीतर धनुष्यासारखी वाकून ती हुकात अडकलेली असते. घणाचे आठ-दहा घाव घालून ती काढायची, दुकानातून दुसरी आणायची, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

मी शिरोळ भागात बारा हंगाम ऊस वाहतोय. पहिली पाच-सहा वर्षं मीसुद्धा फक्त पिनाच बदलत होतो. मग एका डिसेंबरात, रात्री साडेनऊच्या सुमाराला, ओढ्यावरच्या पुलाच्या चढाला मागची ट्रॉली सुटली. खाली उतरून बॅटरी मारली तर पिन धडधाकट होती, मागच्या ट्रॉलीच्या कडीत लोंबकळत होती. फाटला होता तो पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या हुकाचा खालचा पाटा, भोकापासून कडेपर्यंत. सुटलेली ट्रॉली मागे घरंगळून बांधाला अडली. त्या वेळी मागे मोटारसायकल नव्हती, म्हणून कुणाचा जीव गेला नाही. त्या हंगामात त्याच हुकात मी चार पिना बदलल्या होत्या, आणि भोक एकदाही मोजलं नव्हतं.

तेव्हापासून पिन झिजली की मी आधी पिनीकडे बघत नाही, तिच्या आजूबाजूला बघतो. पिन झिजते ती प्लेमुळे, म्हणजे जोडातल्या मोकळ्या जागेमुळे. प्ले कुठून आला ते सापडत नाही तोवर कितीही भारी पिन आणा, ती टिकणार नाही.

ओढ नव्हे, धक्का

बहुतेकांची समजूत अशी की वजन जास्त होतं म्हणून पिन जाते. जरा हिशेब करून बघा. दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून २० टन धरू. सपाट डांबरीवर एवढं वजन चालतं ठेवायला साधारण ४०० किलोची ओढ लागते. मातीच्या रस्त्यावर ती एक-दीड टनावर जाते. वीस फुटांना एक फूट असा चढ असेल तर त्यात आणखी एक टन. आणि ३० मिमीची साध्या लोखंडाची पिन, वरच्या आणि खालच्या दोन्ही पाट्यांत नीट धरलेली असेल, तर कातरली जायला २० टनांहून जास्त ओढ लागते. म्हणजे नुसत्या ओढीला ती सहज पुरते.

आता हातोडी खिळ्यावर टेकवून नुसती दाबा, खिळा हलत नाही. तीच हातोडी वीतभर उचलून मारा. पिन आणि कडीमध्ये सात-आठ मिमी मोकळी जागा पडली की प्रत्येक गिअरला, प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला २० टनांची ती हातोडी पिनीवर पडते. एका खेपेत असे शेकडो घाव बसतात. त्यानं भोक आणखी मोठं होतं, मोठ्या भोकानं घाव आणखी जोरात बसतो. म्हणूनच पहिली पिन महिनाभर जाते, दुसरी पंधरा दिवस आणि तिसरी आठवडाभर.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. गोल पिनीची वाकण्याविरुद्धची ताकद तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. ३० मिमीची पिन झिजून २४ वर आली म्हणजे जाडी फक्त पाचवा हिस्सा गेली, पण ताकद जवळजवळ निम्मी गेली. "अजून दोन खेपा जाईल" असं म्हणत आपण जी पिन आत ठेवतो, ती ही निम्म्या ताकदीची असते.

झीज वाचायला शिका

ट्रॉली रिकामी, जमीन सपाट, ट्रॅक्टर बंद, ट्रॉलीच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे. पिन काढा आणि सगळं डिझेलच्या फडक्यानं पुसून घ्या. ग्रीस आणि मातीचा थर गेल्याशिवाय काहीही दिसत नाही. जाडी मोजायचा व्हर्निअर असेल तर उत्तम, नसेल तर लेथवाल्याकडून तासाभरासाठी आणा.

पिनीवरून मात्र निदान करू नका. पिन हुकात गोल फिरत राहते, त्यामुळे तिची झीज चारी बाजूंनी सारखी पसरते आणि ती आपल्याला फसवते. कडी आणि हुकाचे पाटे फिरत नाहीत. धक्का कुठून येतो ते तिथंच लिहिलेलं असतं.

कडीच्या आतली पुढची बाजू, म्हणजे ट्रॅक्टरकडची, झिजली असेल तर ती ओढीची झीज. ती होणारच, प्रश्न फक्त किती झाली एवढाच. मागची बाजूही तेवढीच चकाकत असेल तर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलतेय. हे उतारावर न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरच्या ट्रॉलीत हमखास दिसतं. ट्रॉलीला ब्रेक नाहीत, नाहीतर असून जोडलेले नाहीत, आणि सगळं वजन एका पिनीवर येऊन आदळतं. ज्या गिअरनं चढ चढतो त्याच गिअरनं उतरायचं, हे ड्रायव्हरला समजावून सांगणं हा या झिजेवरचा खरा इलाज आहे. वेल्डिंगनं ती थांबत नाही.

कडीच्या आत उजव्या-डाव्या बाजूला झीज दिसली तर मागं वळून टर्नटेबल, म्हणजे ट्रॉलीची पुढची चाकं ज्याच्यावर वळतात ते गोल चक्र, बघा. चारचाकी ट्रॉलीचं पुढचं टर्नटेबल ग्रीसवाचून कोरडं पडलं की वळणावर ते सहज फिरत नाही. मग दांडी आडवी ताणली जाते आणि कडी पिनीवर कलून घासते. एकदा पिनीसाठी हैराण झालेल्या एका गाववाल्याची ट्रॉली आम्ही पाहिली. टर्नटेबलची ग्रीस भरायची दोन्ही निपल मातीनं बुजलेली, किती वर्षांपासून ते त्यालाही आठवत नव्हतं. निपल बदलली, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरलं, ट्रॉली रिकामीच दोन-चार वेळा दोन्हीकडं वळवली. त्यानंतर त्याची पिन हंगामभर गेली.

कडीचा वरचा किंवा खालचा सपाट भाग हुकाच्या पाट्याला घासून चकचकीत झाला असेल तर दुखणं दांडीच्या दुसऱ्या टोकाला आहे. दांडी ट्रॉलीला जिथं जोडलेली असते तिथल्या दोन पिनांवर ती वर-खाली मोकळी हलली पाहिजे. तपासायला सोपं आहे. ट्रॉली सोडल्यावर दांडी हातानं उचला आणि सोडा. तिनं आपल्या वजनानं खाली पडलं पाहिजे. उचललेल्या जागीच राहिली तर त्या पिना गंजून धरल्यात. अशी दांडी बांधावरून जाताना पहारीसारखी काम करते आणि कडीनं हुकाचे पाटे उचकटते. पाटे वाकतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं, आणि मग पिनीला आधार उरत नाही. पिन धनुष्यासारखी वाकण्यामागं बहुतेक वेळा हेच असतं.

शेवटी हुकाच्या पाट्यांची भोकं. दोन्ही दिशांनी मोजा, पुढं-मागं आणि आडवं. आडवं माप ३२ आणि पुढं-मागं ३८ आलं तर भोक लांबट झालंय. माझा स्वतःचा नियम असा: कडीत असो वा पाट्यात, मूळ जाडीचा दहावा हिस्सा झिजला की दुरुस्ती, त्याच्या पुढं गेला की ते अंग बदलायचं. पाट्याच्या भोकापासून कडेपर्यंत किती लोखंड उरलंय हेही बघा. माझा पाटा तिथूनच फाटला होता.

आवाज पिनीचा नसेल असंही होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगला हुकाचा ब्रॅकेट बोल्टनं बसवलेला असतो. ते बोल्ट ढिले पडले तरी अगदी असाच खाडकन आवाज येतो. एकानं क्लच हळू सोडून ट्रॉली जराशी ओढायची आणि दुसऱ्यानं बाजूला, चाकापासून लांब उभं राहून ब्रॅकेटकडं बघायचं. ब्रॅकेट आणि हाउसिंगमध्ये केसाएवढी हालचाल दिसली तरी पुरे. हा दोष अंगावर काढू नका, कारण हाउसिंग बिडाचं असतं. ढिल्या बोल्टनं त्यातले आटे गेले की काम महागात जातं. बोल्ट डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा छापलेलेच घ्या, आणि घट्ट केल्यावर नट आणि ब्रॅकेट मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की पाना काढायचा.

पिन कशाची करावी

आमच्याकडं पिनीच्या नावाखाली काय काय वापरतात ते बघून पोटात गोळा येतो. पहारीचा तुकडा, स्लॅबची सळई, ट्रकचा जुना बोल्ट. सळईवर कंगोरे असतात, ते भोक कानशीसारखे खातात, आणि सळई वरून कडक, आतून मऊ असते. वरचा थर झिजला की ती भराभर जाते. बोल्टचे आटे कडीच्या जागी आले तर प्रत्येक आटा म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. पहार कडक असते, पण धक्क्यानं ती न वाकता एकदम तुटते. वाकणारी पिन निदान आधी कळते.

ईएन-८ या साध्या लोखंडापेक्षा कडक पोलादाचा गोल बार घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, सांगलीत, इचलकरंजीत कुठंही मिळतो आणि कुठलाही लेथवाला अर्ध्या तासात पिन करून देतो. माप भोकाचं घेऊन जा, जुन्या पिनीचं नको. भोक गोल आणि शाबूत असेल तर पिन त्याच्यापेक्षा दोन मिमी बारीक ठेवा. त्याहून घट्ट करायचा मोह टाळा. रस्त्यावर कडी थोडी कलली पाहिजे, अगदी घट्ट बसलेली पिन बांधावर कडीला कलू देत नाही आणि पाटे उचकटतात. डोक्याला हँडल हवं, आणि हुकाला अडेल अशी बोटाएवढी पट्टी डोक्याला वेल्ड करून घ्या, म्हणजे पिन फिरणार नाही आणि पाट्याची भोकं खाणार नाही.

खालच्या टोकाला क्लिप. तार पिळून, खिळा वाकवून भागवू नका. पाणंदीत दणका बसला की पिन वर उडते, आणि क्लिप नसेल तर ती परत भोकात पडेलच असं नाही. क्लिपला वीतभर साखळी लावून ती दांडीलाच अडकवा, म्हणजे अंधारात शोधावी लागत नाही.

लांबट भोक आणि तडकलेली कडी

लांबट भोक वेल्डिंगनं भरून, ग्राइंडरनं आतून गोलसर करून देणारे पुष्कळ आहेत. दोन खेपांत ते परत लांबट होतं, कारण भरलेला माल ओबडधोबड असतो आणि पिन त्याच्या दोन-तीन उंचवट्यांवरच टेकते. पाटा काढून लेथवर किंवा बोअरिंग मशीनवर न्या, भोक मोठं करून गोल करा आणि त्यात कडक बुश, म्हणजे पोलादी नळीचा तुकडा, दाबून बसवा. बुश पिनीपेक्षा कडक असावा. झिजायचं ते पिनीनं, कारण ती पाच मिनिटांत बदलता येते. भोकाच्या कडेला लोखंड कमी उरलं असेल तर बुशचा नाद सोडा आणि पाटाच नवा घ्या.

कडीचे तडे शोधायची जुनी रीत सांगतो. कडी जिथं दांडीला वेल्ड केलेली आहे तो भाग तारेच्या ब्रशनं चकचकीत करा. त्यावर रॉकेल नाहीतर डिझेल लावा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्यानं खसखसून पुसा आणि वर पांढरा खडू घासा. थोड्या वेळानं तडा असेल तिथं खडूवर ओलसर, काळपट रेघ उमटते. केसाहून बारीक, पण सरळ नजरेत भरते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वेल्डिंग अगदी देखणं होतं आणि रेघ वेल्डिंगच्या बाजूला अर्धा इंच सोडून उमटली. बहुतेक तडे वेल्डिंगमध्ये नाही, त्याच्या लगत पडतात. कडीचं लोखंड साध्या पट्टीपेक्षा कडक असतं, ते थंड असतानाच वेल्डिंग केलं की वेल्डच्या शेजारचा कडीचा भाग ठिसूळ होतो आणि धक्क्यानं उकलतो. वरून आणखी एक थर मारला की तडा झाकला जातो, आत मात्र वाढतच राहतो.

नीट करायचं तर तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढं सरकणार नाही. मग ग्राइंडरनं तडा पूर्ण संपेपर्यंत खाच काढा आणि पुन्हा खडू लावून खात्री करा. कडी गॅसच्या ज्योतीनं तापवा, पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन लगेच उडून जाईल इतपत. वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा, भट्टीत सुकवलेला. पाकीट फोडून महिनाभर कोपऱ्यात पडलेला रॉड हवेतला ओलावा पितो आणि तोच ओलावा नवा तडा पाडतो. एकावर एक बारीक थर द्या, प्रत्येक थरावरची स्लॅगची खपली काढा. झालं की कोरड्या राखेत किंवा वाळूत पुरून सावकाश गार होऊ द्या. पाणी ओतलं तर सगळी मेहनत वाया. कडी दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त झिजली असेल, किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा तडा आला असेल, तर फोर्जिंगची, म्हणजे तापवून ठोकून घडवलेली, नवी कडी घ्या. गोल बार वाकवून टोकं चिकटवलेली कडी मी भरल्या ट्रॉलीला कधीही लावणार नाही.

वेल्डिंग करताना ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडलेली हवी. सोडणं शक्यच नसेल तर बॅटरीची तार काढा आणि अर्थिंग वेल्डिंगच्या अगदी जवळ धरा, नाहीतर करंट बेअरिंगमधून आणि अल्टरनेटरमधून वाट काढतो. आणि भरलेल्या उसाजवळ अजिबात नको. एक ठिणगी पाचटात पडली तर ट्रॉली टायरसकट जाते.

मागची ट्रॉली

दोन ट्रॉल्या जोडल्या की पुढच्या ट्रॉलीच्या कडीवर दोन्हींचा भार येतो, हे उघड आहे. तरी बहुतेक ठिकाणी कुठली पुढं आणि कुठली मागं हे ज्या क्रमानं भरल्या त्यावर ठरतं. दोन्हींतली चांगली कडी असलेली ट्रॉली पुढं लावा. पुढच्या ट्रॉलीचा मागचा हुक ज्या आडव्या चॅनेलला बसवलाय, तो खालून झोपून बघा. हुकाच्या वेल्डिंगभोवती रंग तडकलेला किंवा गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसली तर चॅनेल फाटायला लागलाय. तिथं नुसती पट्टी चिकटवून भागत नाही. भार दोन्ही लांब चॅनेलपर्यंत पोचेल असा आधार द्यावा लागतो.

ट्रॅक्टरकडच्या हुकाच्या उंचीचंही तसंच आहे. हुक मागच्या अॅक्सलच्या मध्यापेक्षा खालीच हवा. चढाला पुढची चाकं उचलू नयेत म्हणून लोक बोनेटवर माणसं बसवतात, पण हुक एक भोक खाली घेत नाहीत. टॉप लिंकच्या, म्हणजे नांगर जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी ट्रॉली जोडणं तर थेट ट्रॅक्टर पाठीमागं उलटवायचं काम आहे.

रोजचं

यार्डात नंबर लागेपर्यंत तास-दोन तास मिळतातच. त्यातले पाच मिनिटं द्या. पिन पुसा, बोट फिरवून कंबर पडायला लागलीय का बघा, ताजं ग्रीस लावा. जुन्या ग्रीसवरच नवं थापू नका. धूळ बसलेलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं लोखंड खातं. टर्नटेबलला आठवड्यातून एकदा, दांडीच्या मागच्या पिनांना तेव्हाच.

सुरक्षेची साखळी कायम लावा, आणि ती हुकाच्या ब्रॅकेटला अडकवू नका, कारण ब्रॅकेट निघाला तर साखळीही त्याच्यासोबत निघते. ट्रॅक्टरच्या चॅसीला वेगळा कान करून घ्या. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून बांधल्या तर सुटलेली दांडी जमिनीत रुतण्याआधी त्यांच्यावर पडते. पूर्ण वळण घेताना साखळी ताणली जात नाही ना, हे रिकाम्या ट्रॉलीनं एकदा करून बघा. पुलाच्या चढाच्या त्या रात्रीनंतर माझ्या दोन्ही जोडांना साखळी आहे.

आता ट्रॉली जोडण्याबद्दल. आपल्याकडं ट्रॅक्टर मागं घेताना एक पोरगं दांडी उचलून धरतं आणि हातात पिन घेऊन चाक आणि ट्रॉलीच्या मध्ये उभं राहतं. ड्रायव्हरचा पाय क्लचवरून जरा सटकला तर त्या पोराला सुटायला जागा नसते. दांडीखाली जॅकचा पाय बसवून घ्या, गावातला वेल्डर एका दुपारी करून देतो. दांडी हुकाच्या उंचीवर लावून ठेवायची, पोराला बाजूला लांब, आरशात दिसेल असं उभं करायचं. ट्रॅक्टर पूर्ण थांबला, गिअर न्यूट्रल झाला, हँडब्रेक ओढला आणि ड्रायव्हरनं तोंडानं "ये" म्हटलं, की मगच पोरानं पिन घेऊन आत जायचं.